मीठ, माप आणि तुझी शेवटची ओळ

प्रिय बाळा,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. चार पानं भरून लिहिलंस, मी ती तीनदा वाचली. बायबलमधल्या सगळ्या चिन्हांची वही करायची म्हणतोस, डाव्या बाजूला चिन्ह आणि उजव्या बाजूला अर्थ. सिंह म्हणजे काय, साप म्हणजे काय, प्रकटीकरण या शेवटच्या पुस्तकातली दहा शिंगं कोणाची, तिथला ६६६ हा आकडा म्हणजे कोण. मोबाइलवर कोणा प्रवचनकाराने हे सगळं उलगडून दाखवलं, ते खरं का, असं विचारलंस. आणि अगदी शेवटी, सहीच्या वर, वेगळ्या शाईने एक ओळ आहे. "अडतीत पोत्यामागे किलोभर जास्त धरायला सांगतात, काटा माझ्याच हातात असतो, रात्री झोप येत नाही."

ती ओळ तू नंतर लिहिलीस हे शाईवरूनच कळतं. लिहू की नको असं झालं असेल. बरं झालं लिहिलीस. वहीचं बोलू, पण माझं लक्ष त्या ओळीवर आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

आता मीठ घे. मीठ म्हणजे काय, असा रकाना केलास तर समोर काय लिहिशील? "तुम्ही पृथ्वीचे मीठ आहा" हे तुला लहानपणापासून पाठ आहे, म्हणून लिहिशील, मीठ म्हणजे विश्वासणारा माणूस. पण आपण राहतो पूर्णेच्या खोऱ्यात, खारपाणपट्ट्यात. दर्यापूरपासून अकोल्याकडे, बुलडाण्याकडे जा, मीठ म्हणजे काय ते जमीनच सांगते. उन्हाळ्यात बांधावर पांढरी खपली धरते. विहिरीला पाणी भरपूर, पण साबणाला फेस येत नाही, डाळ शिजता शिजत नाही. ते पाणी शेताला दिलं की काळी माती फुगून बसते, तिची छिद्रं बुजतात, वरचं पाणी खाली मुरत नाही आणि चांगलं वावर बिघडतं. म्हणून आपले लोक विहीर असूनही पावसाच्या भरवशावर कापूस, तूर आणि मुरलेल्या ओलीवर हरभरा घेतात. आपल्या माणसाला "तू मीठ आहेस" म्हटलं तर त्याने ते कौतुक समजावं की शिवी?

हा प्रश्न मला संडे स्कूलच्या पोरांनी विचारायला लावला. मी विहिरीचं तांब्याभर पाणी लोखंडी कढईत ओतलं आणि चुलीवर आटवलं. पाणी गेलं, तळाशी पांढरट कडं राहिलं. एकेकाने बोट लावून चाखलं. तोंडं अशी वाकडी झाली की विचारू नकोस. एक पोरगी म्हणाली, "गुरुजी, हे तर कडू आहे, येशूने असं मीठ म्हटलं का?"

त्या रात्री मी पवित्र शास्त्र घेऊन बसलो आणि मीठ कुठे कुठे आहे ते शोधलं. अबीमलेखाने शखेम नगर पाडलं आणि त्यावर मीठ पेरलं (शास्ते ९:४५). यिर्मया संदेष्टा शापित माणसाला ओसाड खाऱ्या जमिनीत राहणारा म्हणतो (१७:६). म्हणजे त्या लोकांनाही खारी जमीन ठाऊक होती. मृत समुद्र त्यांच्या उशाशीच होता. पण त्याच शास्त्रात प्रत्येक अन्नार्पणात मीठ घालायची आज्ञा आहे (लेवीय २:१३). आणि मग २ राजे, दुसरा अध्याय. यरीहोचे लोक अलीशा संदेष्ट्याला सांगतात, नगराची जागा चांगली आहे, पण पाणी वाईट आहे आणि जमीन पीक देत नाही. बाळा, हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि अंगणात जाऊन उभा राहिलो. कोणीतरी आपल्याच गावाचं वर्णन लिहून ठेवलंय असं वाटलं.

अलीशाने काय केलं? नवं भांडं मागितलं, त्यात मीठ घालायला लावलं, झऱ्यापाशी गेला आणि ते मीठ पाण्यात टाकलं. परमेश्वराने पाणी निरोगी केलं. वाईट पाण्यात मीठ! आपल्याकडचा कोणीही शेतकरी त्याचा हात धरेल. मात्र आपलं वावर सुधारायला कृषी खात्याची माणसं काय सांगतात? जिप्सम टाका. तोही एक क्षारच. त्यातला कॅल्शियम मातीतल्या सोडियमला जागेवरून हटवतो, मग पावसाने तो सोडियम खाली धुऊन गेला पाहिजे, निचरा झाला पाहिजे. मी अलीशाचा चमत्कार रसायनशास्त्राने समजावत नाही, तसं करूही नये. तो देवाने केला. मी एवढंच म्हणतो की मीठ वाईट की चांगलं, हे मिठाकडे बघून सांगता येत नाही. कोणी टाकलं, कुठे टाकलं, किती टाकलं, आणि त्याच्यामागून पाऊस आला का, हे बघावं लागतं. हे तुझ्या उजव्या रकान्यात कसं मावणार?

त्यातलं "किती" हे मला फार महागात पडलं. तुला मी हे कधी सांगितलं नाही. चाळीस वर्षांपूर्वी मी मंडळीच्या पंचांत नवीन होतो. हिशेबात एका भावाची चूक सापडली. चूक खरी होती, रक्कम लहान होती. मी रविवारी उपासनेनंतर सगळ्यांसमोर, त्याच्या बायकोपोरांसमोर कागद वाचून दाखवला. मला वाटलं, मी पृथ्वीचं मीठ आहे. तो उठून गेला आणि अकरा वर्षं मंडळीत आला नाही. त्याची पोरं प्रभूविना वाढली. आमची माय तेव्हा हयात होती. ती रागावली नाही, वरणात मीठ टाकता टाकता म्हणाली, "मीठ चिमटीनं टाकाचं असते बाप्पा, मुठीनं नाही." पौल कलस्सैकरांना लिहितो की तुमचं बोलणं कृपायुक्त, मिठाने रुचकर असावं (४:६). आधी कृपा आहे, मग मीठ. मी नुसतं मीठ टाकलं होतं. पुढे त्याच्या दारात जाऊन क्षमा मागितली, तो परत आला, पण ती अकरा वर्षं कोण परत देणार?

पाण्याचंही तसंच झालं. यिर्मयाच्या दुसऱ्या अध्यायात परमेश्वर म्हणतो, माझ्या लोकांनी मला, जिवंत पाण्याच्या झऱ्याला सोडलं आणि फुटके हौद खोदून घेतले. मी वर्षानुवर्षं शिकवत आलो, झरा म्हणजे देव, हौद म्हणजे माणसाचं कर्तृत्व. एकदा महिला मंडळातली एक म्हातारी बाई म्हणाली, "गुरुजी, आपल्या हिरीचं पाणी तं ढोरंबी पेत नाहीत. पावसाचं साठवलेलं तेच गोड लागते." मी गप्प झालो. तिचं म्हणणं आपल्या गावापुरतं अगदी खरं होतं. यहूदाचा डोंगर चुनखडीचा आहे. तिथे लोक खडकात हौद कोरत, आतून चुन्याचा गिलावा करत, आणि त्याला तडा गेला की वर्षभराचं पाणी गुपचूप झिरपून जाई. तिथला माणूस उन्हाळ्यात झाकण उघडतो आणि आत नुसता चिखल असतो. हे डोळ्यांपुढे आलं तेव्हा मला ते वचन पहिल्यांदा कळलं. तोवर नुसतं पाठ होतं. त्या बाईला मी पुढच्या बैठकीत तसं सांगितलं. ती म्हणाली, मग आपल्याकडे प्रभू म्हणजे पाऊसच की. मी नाही म्हटलं नाही.

म्हणून तुला वहीची रीत बदलायला सांगतो. आधी वस्तू ओळख. ती हाताने उचल, चाख, तिचं काम बघ. मग ती शास्त्रात कुठे कुठे आली ते बघ, आणि दोन ठिकाणी दोन अर्थ निघाले तर घाबरू नकोस. खमिराने, म्हणजे पीठ फुगवणाऱ्या आंबवणाने, स्वर्गाचं राज्यही दाखवलं आहे (मत्तय १३:३३) आणि परूशी धर्मपुढाऱ्यांची वाईट शिकवणही (मत्तय १६). सिंह म्हणजे यहूदाच्या वंशाचा प्रभू, आणि गर्जना करत फिरणारा सैतानही. प्रकटीकरणाचं म्हणशील तर ते पुस्तक बऱ्याच ठिकाणी आपला अर्थ आपणच सांगतं, सात समया म्हणजे सात मंडळ्या असं पहिल्याच अध्यायात लिहिलंय. पाचव्यात योहानाला सांगितलं जातं, पाहा, सिंह. तो बघतो तर वधलेला कोकरा उभा आहे. शिंगं मोजण्याआधी या एका बघण्यावर महिनाभर थांब. ६६६ कोण, ते आज कोण्या पुढाऱ्याच्या गळ्यात घालतात, उद्या दुसऱ्याच्या. त्यात तुझी रात्र घालवू नकोस, तुझी रात्र आधीच दुसऱ्या गोष्टीने जाते आहे.

सापाचं मात्र थोडं सांगतो, कारण तू लिहिलंस की गल्ल्यावर क्रूस लावलास आणि खिशात प्रार्थना केलेल्या तेलाची बाटली ठेवतोस. मोशेने देवाच्या आज्ञेने पितळेचा साप उंच केला, त्याच्याकडे पाहणारे वाचले (गणना २१). प्रभूने स्वतः ते चिन्ह आपल्या क्रूसाला लावलं. पण २ राजे १८:४ वाच. शेकडो वर्षांनी लोक त्याच सापापुढे धूप जाळू लागले होते, म्हणून हिज्कीया राजाने त्याचे तुकडे केले. देवाने दिलेलं चिन्ह, मोशेच्या हातचं, तरीही फोडावं लागलं. तुझा क्रूस काढ असं मी म्हणत नाही. पण तो गल्ल्यावर आहे आणि काटा त्याच्या खाली आहे, हे तुला दिसतंय म्हणूनच तुझी झोप गेली आहे. ती झोप पवित्र आत्म्याने नेली, असं मी मानतो. तिच्यावर तेल लावू नकोस.

आता दिवा. "दिवा लावून मापाखाली ठेवत नाहीत." लहानपणी मला वाटायचं, माप म्हणजे कुठलंही भांडं. पण माप म्हणजे माप, धान्य मोजायचं, आपल्या पायलीसारखं. घरातला दिवा झाकायला प्रभूने इथे टोपली किंवा मडकं घेतलं नाही, धंद्याचं माप घेतलं. मार्काचा चौथा अध्याय उघड. २१व्या वचनात दिवा मापाखाली ठेवायचा नाही असं आहे, आणि लगेच २४व्यात, ज्या मापाने तुम्ही मोजता त्याच मापाने तुम्हाला मोजून मिळेल. मध्ये फक्त दोन वचनं आहेत. मी हे पन्नास वेळा वाचलं असेल, पण तुझ्या त्या ओळीमुळे ही दोन्ही वचनं मला पहिल्यांदा शेजारी शेजारी दिसली. तुझ्यासाठी या घडीला हे चिन्ह आहे बाळा. शिंगं नाहीत. तुझ्या हातात काटा आहे, आणि दिवा त्याच्या खाली गेला आहे.

शास्त्रातल्या अनुवाद या पुस्तकाच्या २५व्या अध्यायात पिशवीत लहान आणि मोठं अशी दोन वजनं ठेवू नकोस असं सरळ लिहिलंय. शेतकरी सोयाबीन घेऊन येतो, ओलावा १२ टक्क्यांच्या वर असेल तर कटती, म्हणजे वजनात कपात होते, ती मी समजतो, ती त्याच्यासमोर मोजून होते. पोत्यामागचा तो किलो त्याच्यासमोर होत नाही. म्हणून तो घेऊ नकोस.

कसं, ते सांगतो. मालकाला गिऱ्हाइकांसमोर काही बोलू नकोस. संध्याकाळी शटर पडल्यावर, एकटा असताना सांग की शेठ, माझ्या हातून हे होत नाही, काटा मी जसा आहे तसाच धरीन. चिमटीएवढं बोल. तो ऐकेलही, आतून कंटाळलेले पुष्कळ असतात. नाहीच ऐकलं तर काटा सोड. घरी पगार थांबेल आणि बहिणीची फी आहे, हे मला माहीत आहे. तुझ्या बाबांशी मी बोलेन, तू एकट्याने बोलायचं नाही. मंडळीतल्या दोघातिघांच्या कानावर घालून ठेवतो, नावं न घेता. काम मिळेपर्यंत आमच्या घरी जेवायला ये, बाईला सांगून ठेवलंय.

वही जरूर कर. फक्त प्रत्येक पानावर एकच चिन्ह लिही, आणि खाली त्या आठवड्यात त्याने तुझ्याकडून काय करून घेतलं ते. एखादं पान कोरं राहिलं तर राहू दे. भाषा साधी ठेव. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षं मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या मराठीत शास्त्र उतरवण्यात घातली, १९२२ साली त्या वारल्या. गावातल्या बाईलाही वाचता यावं हीच त्यांची ओढ होती.

येत्या रविवारी संडे स्कूलमध्ये अलीशाची गोष्ट तू सांगायचीस. पोरांना कढईचा प्रयोग परत बघायचा आहे, पाणी तुझ्या गावच्या विहिरीचं आण, बाटलीभर पुरे. कढई माझी. नवं भांडं मात्र तू आण.

प्रभूत तुझा,
गुरुजी