२१४७४८३६४७ पुढे बसण्याआधी

अगं, २१४७४८३६४७ ही मूळ संख्या आहे का (म्हणजे १ आणि ती स्वतः सोडून कशानेही भागली जात नाही ना) हे बघायला ३, ५, ७ ने भागत सुटू नकोस. आधी तिचा घाट ओळख: २ चा ३१ वा घात, वजा १. हिचा कुठलाही मूळ विभाजक ६२ ने, म्हणजे ३१ च्या दुपटीने, भागला की बाकी १ च उरते. ८ ने भागला तर १ किंवा ७. विभाजक शोधायचे ते वर्गमूळापर्यंतच, आणि ते ४६३४० च्या जरा पुढे. म्हणजे उमेदवार फक्त ३७३, त्यातल्याही संयुक्त गाळायच्या. गणिती ऑयलरने १७७२ मध्ये ती मूळ असल्याचं कळवलं, तेही हाताने आकडेमोड करून! मला अजून थरारून जायला होतं.

घातांक (इथे ३१) मूळ म्हणून संख्या मूळ, असं मात्र धरू नकोस. घातांक ११ घे: २ चा ११ वा घात, वजा १, म्हणजे २०४७ = २३ × ८९. दादरहून कर्जत लोकलमध्ये बसायला मिळालं की आधी हिच्यावरच २२ चा, म्हणजे ११ च्या दुपटीचा, नियम लावून बघ.