गजकर्ण जाता जात नाही : वाचकांचे प्रश्न, त्वचेच्या डॉक्टरांची उत्तरं

प्रश्न : मी चाकणला कंपनीत शिफ्टमध्ये कामाला आहे, वय ३४. मागच्या पावसाळ्यात जांघेत एक गोल चट्टा उठला. मेडिकलवाल्याने ट्यूब दिली, चार दिवसांत खाज बंद, चट्टा पण गायब. ट्यूब संपली की परत हजर, आणि आधीपेक्षा मोठा. असं करत करत आता मांड्या, कंबर, पोटापर्यंत पोचलंय. बायकोच्या कमरेला आणि मुलीच्या मानेवर पण दिसायला लागलंय. मधे एका डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पंधरा दिवसांत बरं वाटलं म्हणून बंद केल्या. रात्री झोप नाही, कामावर चारचौघांत खाजवायची लाज वाटते, बायको म्हणते तुमच्यामुळेच सगळ्यांना झालं. रक्तात दोष आहे का? आई म्हणते वांगं बंद कर.

उत्तर : वांगं खा खुशाल, त्याचा काही संबंध नाही. रक्तातही दोष नाही. गजकर्ण म्हणजे बुरशी, ती कातडीच्या अगदी वरच्या मेलेल्या थरात राहते आणि तिथलं केराटिन (कातडीचं, नखांचं प्रथिन) खाऊन पसरते, रक्तात उतरत नाही. म्हणून ती रक्तशुद्धीची काढे-औषधंही सोडा.

आता ती ट्यूब. घरात असतील तेवढ्या सगळ्या ट्यूबा काढा आणि मागचं बारीक अक्षर मोबाईलने फोटो काढून मोठं करून वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन यातलं काही दिसलं की समजा स्टिरॉइड आहे. सोबत बुरशीचं औषध असतं, एखादं अँटिबायोटिक पण असतं, म्हणून मेडिकलवाला म्हणतो 'सगळ्यावर चालते'. खाज आणि लाली ही खरं तर शरीराची बुरशीशी चाललेली मारामारी असते, स्टिरॉइड ती मारामारीच थांबवतं. चोर आलाय म्हणून कुत्रं भुंकतंय आणि आपण कुत्र्यालाच गप्प केलं, तसं. चार दिवस शांतता, आत बुरशीला रान मोकळं. २०१८ साली केंद्र सरकारने अशी स्टिरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली, पण काउंटरवर ती अजून सर्रास मिळतात हे तुम्हालाच जास्त माहीत.

त्यात जांघेची कातडी पातळ, तिथे महिनोन्महिने हे लावलं की जांभळट रेघा पडतात, गरोदरपणात पोटावर पडतात तशाच, आणि त्या नंतर पुरत्या जात नाहीत. चट्ट्याची कड पण पुसट होते, कधी वर्तुळात वर्तुळ दिसतं, मग नवीन डॉक्टरलासुद्धा चटकन ओळखता येत नाही. म्हणून जाल तेव्हा ट्यूबा पिशवीत घालून न्या, लपवू नका, कोणी रागावणार नाही (रागावलं तरी न्या). शंका असली तर ते ब्लेडने वरचा कोंडा खरवडून, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून मायक्रोस्कोपखाली बघतात, दुखत नाही, फारसा खर्चही नाही.

ट्यूब बंद केली की सुरुवातीला काही दिवस खाज उसळेल, हे आधीच सांगून ठेवते, कारण नेमके तिथेच लोक परत मेडिकल गाठतात. खाजेची गोळी मिळते, ती मागून घ्या.

गोळ्यांचं म्हणाल तर आपल्याकडे हल्ली जी बुरशी पसरलीय ती चिवट आहे. २०२० मध्ये तिला ट्रायकोफायटॉन इंडोटिनिए असं नाव दिलं गेलं, नावातच इंडिया आलाय बघा. पूर्वीची हमखास गोळी, टर्बिनाफिन, तिच्यावर बऱ्याचदा चालत नाही, म्हणून डॉक्टर बहुतेक इट्राकोनाझोल देतात. ही कॅप्सूल भरपेट जेवणानंतर लगेच घ्यायची आणि ॲसिडिटीच्या गोळीबरोबर अजिबात नाही, नाहीतर अंगात नीट शोषलीच जात नाही. हार्टचा, लिव्हरचा त्रास असेल, कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर आधी सांगायचं. आणि पंधरा दिवसांचं काम नाही हे, निदान महिना-दीड महिना, जुनं असेल तर त्याहून जास्त. कातडी साफ दिसली तरी डॉक्टर म्हणतील तोवर पुढे चालू, बंद कधी करायचं ते आरशाला विचारू नका. डॉक्टर देतील ते बुरशीचं मलम चट्ट्याच्या बाहेर दोन बोटं जास्तीचं लावायचं, बुरशी कडेने पुढे सरकत असते.

बायको आणि मुलगी यांचे उपचार तुमच्यासोबत, एकाच वेळी. मुलीचा डोस वजनावर ठरतो, तुमची गोळी अर्धी करून देऊ नका. बायकोला दिवस गेले असतील तर या गोळ्या चालत नाहीत, तेही सांगा. कोणामुळे झालं हा वाद सोडा, एकच टॉवेल आणि एकच चादर वापरणाऱ्या घरात हे असंच फिरतं.

एक गोष्ट कोणी विचारत नाही म्हणून मीच विचारते, कमरेला करदोडा आहे का? असला तर कापून टाका. तो दोरा कायम ओला, त्याखाली बुरशी मजेत राहते आणि तिथूनच परत सुरू होतं. देवाचा असेल तर देव्हाऱ्यात ठेवा. शिफ्ट संपली की घामाचा युनिफॉर्म लगेच बदला, आतले कपडे सुती आणि सैल, जीन्स काही दिवस कपाटात. तुम्हा तिघांचे कपडे वेगळे, गरम पाण्यात धुवा, उलटे करून उन्हात घाला, पावसात ऊन नाही तर शिवणीवरून गरम इस्त्री फिरवा.

प्रश्न : आमच्याकडे सिंधुदुर्गात टाकळ्याचा पाला लिंबात वाटून लावतात. लावू का?

उत्तर : टाकळ्याची भाजी करा, छान होते. आयुर्वेदात गजकर्णावर टाकळा सांगितलाय हे खरं, पण स्टिरॉइडने पातळ झालेल्या कातडीवर लिंबू, लसूण चोळून भाजलेले पेशंट मी दर पावसाळ्यात बघते. मग आधी भाजलेलं बरं करायचं आणि मग गजकर्ण, दुप्पट वेळ.

प्रश्न : खाज गेली, पण काळे डाग राहिलेत. म्हणजे अजून आहे का?

उत्तर : कड उचललेली नाही, कोंडा नाही, खाज नाही, तर बहुतेक तो नुसता डाग आहे. काही महिन्यांत फिका पडतो. एकदा डॉक्टरांना दाखवून खात्री करा, पण गोरं करायचं क्रीम त्यावर लावू नका, त्यातल्या कित्येकांत परत तेच स्टिरॉइड असतं.