आधी दीपगृह, मग बाकीचं

वाचकांचे प्रश्न : चाकांवरचं घर

प्रश्न : ताई, नमस्कार. निवृत्तीनंतर आम्ही दोघांनी एक जुनी मोटरहोम घेतली. गाडी २४ वर्षांची आहे. सवय व्हावी म्हणून तीन छोट्या फेऱ्या केल्या आणि तिन्ही वेळा काहीतरी झालंच. एकदा चढावर टेंपरेचरचा काटा लाल पट्टीला टेकला. दोनदा रात्रीच्या मुक्कामानंतर सकाळी सेल्फ लागला नाही, नुसती टिकटिक. आता ह्यांनी १२ दिवसांची सहल आखली आहे. नऊ ठिकाणं आहेत, नकाशा सोबत पाठवते. मला जायचं आहे, पण धीर होत नाही. जावं, की गाडी विकून टाकावी?

उत्तर : जा. पण या नकाशाप्रमाणे नाही, आणि गाडी आज आहे तशी घेऊन नाही.

आधी सकाळची टिकटिक. ती दोन्ही वेळा मुक्कामानंतरच झाली हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. मोटरहोममध्ये दोन बॅटऱ्या असतात. एक इंजिन सुरू करायची, दुसरी घराची, म्हणजे दिवे, पंखा, पाण्याचा पंप. दोघींच्या मध्ये एक रिले असतो. इंजिन चालू असताना तो दोन्ही बॅटऱ्या जोडतो, म्हणजे दोन्ही चार्ज होतात. इंजिन बंद झालं की त्यानं सुटायला हवं. जुन्या गाडीत त्याचे पॉइंट चिकटून बसतात. मग रात्री तुम्ही दिवा लावून वाचत बसता आणि तिकडे इंजिनाची बॅटरीही उतरत जाते.

हे घरच्या घरी कळतं. एक साधा मल्टिमीटर घ्या. गाडी रात्रभर काहीही न लावता उभी ठेवा आणि सकाळी इंजिनाची बॅटरी मोजा. १२.६ ते १२.७ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ च्या आसपास अर्धी, १२ च्या खाली गेली तर उतरलेली समजा. आता मीटर तिथेच लावून ठेवा आणि यजमानांना घरातले सगळे दिवे आणि पंखा लावायला सांगा. इंजिनाच्या बॅटरीचे व्होल्ट घसरायला लागले तर रिले चिकटला आहे. जागचे हलले नाहीत तर बॅटरीचं वय झालं असेल किंवा अर्थिंगची वायर गंजली असेल. मग इंजिन सुरू करून पुन्हा मोजा. १३.८ ते १४.४ दिसायला हवेत, आणि दोन्ही बॅटऱ्यांवर. हे सगळं करायच्या आधी नवी बॅटरी विकत घेऊ नका. रिले चिकटलेला असेल तर नवीसुद्धा दोन रात्रींत तशीच उतरेल.

चढावरच्या काट्याची मला जास्त काळजी वाटते. बॅटरी उतरली तर सकाळ वाया जाते, पण गाडी फार गरम झाली तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या दोन भागांमधलं सील, जातं आणि सहल तिथेच संपते. निघण्याआधी मेकॅनिककडून रेडिएटरच्या जाळ्या, थर्मोस्टॅट, फॅन, बेल्ट आणि वॉटर पंप एवढं बघून घ्याच. ब्रेक ऑइल कधी बदललं होतं तेही विचारा. ते हवेतली ओल शोषतं, आणि लांब उतारावर ब्रेक तापले की त्या ओलीची वाफ होऊन पेडल मऊ पडतं. दोन वर्षं झाली असतील तर बदलाच. उतार खालच्या गिअरमध्येच उतरायचा, पाय ब्रेकवर ठेवून नाही.

चढाआधी वजन उतरवा. पाण्याची टाकी १०० लिटरची असेल तर नुसतं पाणीच १०० किलो होतं. वर जाईपर्यंत २० लिटर पुरतं, बाकीचं वर भरा. वापरलेल्या पाण्याची टाकीही रिकामी करून निघा. काटा चढायला लागला की एसी बंद, खालचा गिअर आणि केबिनचा हीटर पूर्ण गरमवर, पंखा जोरात. उकडेल, पण हीटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच असतो. तो इंजिनाची उष्णता बाहेर काढतो. तरीही काटा लाल पट्टीत गेला तर बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. रेडिएटरच्या झाकणाला हात लावायचा नाही. आत दाब असतो म्हणून १०० अंशांच्या वर जाऊनही पाणी उकळत नाही. झाकण सैल झालं की दाब जातो आणि ते एका क्षणात उसळून तोंडावर येतं. बाहेर खुर्च्या मांडा, तासभर बसा. रेडिएटरचा वरचा होस पाइप थंड आणि दाबल्यावर मऊ लागला की मगच झाकण.

आता तुमचा नकाशा. १२ दिवसांत नऊ ठिकाणं म्हणजे गाडीनं एकही दिवस आजारी पडायचं नाही. तुमच्या गाडीकडून ही अपेक्षा धरता येत नाही. मी असते तर पाच ठेवली असती. दर तीन दिवसांनी एक दिवस पूर्ण मोकळा. बिघाड झाला तर दुरुस्तीला, नाही झाला तर जिथे आहात तिथे निवांत बसायला. सकाळी लवकर निघा आणि दुपारपर्यंत मुक्कामी पोचा, म्हणजे काही झालंच तरी गॅरेज उघडी असताना होईल.

आणि त्या पाचांत तुमचं सगळ्यात लाडकं ठिकाण पहिलं ठेवा. नकाशात तुम्ही एका तलावाभोवती लाल गोल केला आहे आणि तोच बाराव्या दिवशी आहे. असं करू नका. माझ्या वडिलांना एक दीपगृह बघायचं होतं. लहानपणी त्याचं चित्र त्यांच्या खोलीत होतं. मी सहल आखली, रस्ता सरळ पडावा म्हणून दीपगृह शेवटी ठेवलं. आठव्या दिवशी वॉटर पंप गेला. पार्ट यायला सहा दिवस लागले. ते सहा दिवस आम्ही गॅरेजच्या आवारात, दोन मालट्रकांच्या मध्ये राहिलो आणि तिथूनच परत फिरलो. वडील एका शब्दानं बोलले नाहीत. दोन वर्षांनी पुन्हा गेलो तेव्हा थेट दीपगृहच गाठलं, पण तोवर त्यांचे गुडघे गेले होते. ते खाली बाकावर बसले. मी वर गेले, प्रत्येक पायरी मोजली, खाली येऊन सांगितलं, १७४. त्यांनी तो आकडा दोनदा म्हटला. त्यानंतर मी कुठलीही सहल आखताना सोबतच्या प्रत्येकाला आधी एकच प्रश्न विचारते, कुठे पोचलं नाही तर वाईट वाटेल? जे उत्तर येईल ते पहिल्या तीन दिवसांत.

गाडी विकायचा निर्णय सहलीनंतर घ्या. तीन फेऱ्या फार थोड्या.

प्रश्न : आमच्या मोटरहोमचे टायर नव्यासारखे आहेत, खाचा भरपूर शिल्लक आहेत. तरी मेकॅनिक म्हणतो सहाही बदला. तो फसवतोय का?

उत्तर : टायरच्या बाजूवर डॉट (DOT) या अक्षरांनी सुरू होणारा एक नंबर असतो. त्यातले शेवटचे चार आकडे वाचा. १७१४ असेल तर टायर २०१४ च्या सतराव्या आठवड्यात बनला आहे. (चार आकडे एकाच बाजूला छापलेले असतात, बाहेर दिसले नाहीत तर गाडीखाली जाऊन आतली बाजू बघा.) मोटरहोम थोडी चालते आणि महिनोन्‌महिने वजन घेऊन एका जागी उभी असते. त्यामुळे खाचा झिजायच्या आधी रबर म्हातारं होतं. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासा आणि दहा झाली की दिसायला कसेही असोत, काढा. मागच्या जोडचाकांमधल्या फटीत टॉर्च मारून बघा, भेगा तिथे लपतात. मागचा टायर फुटला की त्याच्या पट्ट्या वरची फरशी फोडतात, आणि तिथूनच पाण्याच्या नळ्या आणि वायरी गेलेल्या असतात. मी हे एकदा पाहिलं आहे. तुमचा मेकॅनिक बहुधा खरं बोलतोय.

प्रश्न : पावसात छताच्या खिडकीतून गादीवर थेंब पडतात. घरात सिलिकॉन आहे, ते लावू का?

उत्तर : नको. सिलिकॉनवर पुढे दुसरं काहीच नीट चिकटत नाही. खिडकी काढून जुनं सीलंट पूर्ण खरवडून पुन्हा बसवावी लागेल. तोवर वरून ताडपत्री. आतल्या फळीवर बोट दाबून बघा. मऊ लागली तर लाकूड कुजायला लागलं आहे, हे काम लांबणीवर टाकू नका.

प्रश्न : मी १२ वर्षांचा आहे. आमच्या गाडीतला फ्रीज गॅसवर चालतो. आम्ही उतारावर थांबलो की तो थंड करत नाही. बाबा म्हणतात जुना आहे. खरं का?

उत्तर : फ्रीज जुना असेलही, पण उतार तू बरोबर पकडलास. घरच्या फ्रीजमध्ये कॉम्प्रेसर असतो, तो आतला वायू ढकलतो. तुमच्यात ढकलणारं काहीच नाही. मागच्या नळ्यांत अमोनिया आणि पाणी असतं. ज्योत त्यांना तापवते, अमोनियाची वाफ वर जाते, थंड होऊन पुन्हा द्रव होते आणि स्वतःच्या वजनानं खाली वाहत येते. ज्योतीनं थंडी तयार करायची ही युक्ती १९२२ मध्ये स्वीडनमधल्या बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी बसवली. गाडी तिरकी उभी राहिली की द्रव कोपऱ्यात साचतो, खाली येत नाही, आणि सगळं अडतं. बराच वेळ तसंच चालू ठेवलं तर फ्रीज कायमचा बिघडू शकतो. चालत्या गाडीत तो सारखा हलत असतो, म्हणून तेव्हा त्रास होत नाही.

बाबांकडून एक छोटी पाणसळ मागून घे, बुडबुडा असलेली. गाडी थांबली की ती फ्रीजच्या तळाशी ठेवायची, एकदा गाडीच्या रुंदीच्या दिशेनं, एकदा लांबीच्या दिशेनं. बुडबुडा मध्ये नसेल तर बाबांना खालच्या बाजूच्या चाकाखाली फळी घालून गाडी थोडी पुढे घ्यायला सांग. दोन्ही वेळा मध्ये आला की त्यांना हाक मार, गॅस लावा म्हणून.