जुन्या बाजारातला क्रँकसेट

प्रश्न : जुन्या बाजारात सायकलचा ॲल्युमिनियमचा, पाच हातांचा क्रँकसेट (पायडलांचे दांडे आणि पुढची दातेरी चक्रं) मिळाला. त्यावर 'ब्रेव्ह. कॅम्पॅग्नोलो' (म्हणजे इटलीच्या कॅम्पॅग्नोलो कंपनीचं पेटंट) कोरलंय. कधीचा असेल? लावून सिंहगड चढता येईल का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : चेनरिंगच्या, म्हणजे पुढच्या दातेरी चक्राच्या, शेजारशेजारच्या दोन बोल्टांमधलं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत मोजा. ८४.६ मिमी आलं तर बोल्टवर्तुळ (पाचही बोल्टांमधून जाणारं वर्तुळ) १४४ मिमी व्यासाचं, म्हणजे १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासूनचा. ८८.८ आलं तर १५१ चं. तो त्याआधीचा आणि दुर्मीळ, घाईने विकू नका. क्रँकची (पायडलच्या दांड्याची) मागची बाजू रॉकेलने पुसा. कोनावर उभ्या, हिऱ्याच्या आकाराच्या चौकटीत आकडा असेल तर १९७० चं दशक, गोलात असेल तर १९८० चं.

साल मात्र नंतर. आधी उजव्या क्रँकला लागून, चेनरिंग धरणाऱ्या पाच हातांच्या पंजाचा हात जिथे सुटतो, ते बेचकं भिंगाखाली धरा. या क्रँकना तडा तिथेच जातो. केसासारखी रेघ दिसली आणि तिच्यावर नख अडलं, तर तो क्रँक रस्त्यावर नेऊच नका. उभं राहून पायडल मारताना तुटला तर माणूस तोंडावर आपटतो.

बोल्टखालचा वॉशर काढल्याशिवाय पुलर (क्रँक ओढून काढायचं अवजार) लावायचा नाही. आटे गेले की क्रँक गेला. जपानी मापाच्या एक्सलवर (क्रँक ज्यावर बसतो त्या आसावर) तो नीट बसत नाही, बाहेरच राहतो.

सिंहगड? १४४ वर ४१ दातांहून लहान रिंग बसत नाही. गोळेवाडीपासूनच्या चढाला मागच्या चाकाच्या सगळ्यात मोठ्या चक्राला निदान २८ दात हवेतच.