नवी गाडी सकाळी सुरू होत नाही, तेव्हा

प्रश्न : फेब्रुवारीत नवी पेट्रोल गाडी घेतली. चार महिन्यांत चार वेळा सकाळी सेल्फ मारल्यावर नुसती टक-टक झाली. शोरूमने एकदा बॅटरी बदलली, तरी पुन्हा तेच. आता म्हणतात, 'तुम्ही बाहेरून डॅशकॅम बसवलाय, वायरिंग कापलंय, वॉरंटी गेली.' काय करावे? (मुलुंड)

उत्तर : डॅशकॅमचा मुद्दा आधी निकाली काढा, कारण वादात तोच पुढे केला जाईल. सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये लावलेला आणि चावी बंद केल्यावर बंद होणारा कॅमेरा बॅटरी उतरवत नाही. पण बहुतेक गाड्यांत ते सॉकेट चावीबरोबर बंद होत असले, तरी काहींत ते कायम चालू राहते, हे तपासून घ्या. फ्यूज बॉक्समधून थेट जोडलेला, 'पार्किंग मोड' असलेला कॅमेरा मात्र रात्रभर दोन-तीनशे मिलीअँपिअर ओढू शकतो. त्याचा हिशोब असा: ३०० मिलीअँपिअर म्हणजे दिवसाला ७.२ अँपिअर-अवर (बॅटरीतल्या साठ्याचे माप). छोट्या पेट्रोल गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-अवरची असेल, तर अडीच दिवसांत निम्मी रिकामी. त्यामुळे पहिले काम म्हणजे कॅमेरा पूर्ण काढून ठेवणे आणि तो काढल्याची तारीख शोरूमला ईमेलने कळवणे. त्यानंतरही बॅटरी उतरली, तर तो आक्षेप संपला.

चांगली झोपलेली, म्हणजे बंद करून लॉक केलेली गाडी २० ते ५० मिलीअँपिअर घेते: घड्याळ, अलार्म, रिमोटचा रिसीव्हर आणि कंट्रोल युनिटची (गाडीतल्या छोट्या संगणकांची) स्मृती यांसाठी. गाडी लॉक केल्यावर सगळी युनिट्स झोपायला अर्धा तासही लागतो. एखादे युनिट झोपलेच नाही, डिकीचा दिवा चालू राहिला किंवा एखादा रिले (विजेवर चालणारा स्विच) चिकटला, तर सकाळी हीच टक-टक. पण सगळाच दोष कंपनीचा नसतो. गाडी १५ दिवस सोसायटीत उभी राहिली, तर ३० मिलीअँपिअरनेसुद्धा १०.८ अँपिअर-अवर खर्च होतात. रोज स्टेशनपर्यंत दोन किलोमीटर जायचे आणि यायचे, असा वापर असेल, तर सेल्फ मारताना खर्च झालेले परत भरायला अल्टरनेटरला (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राला) वेळच मिळत नाही. तुमची गाडी रोज तासभर चालते आणि तरीही बॅटरी उतरते, हे ओडोमीटरच्या नोंदींवरून दाखवता आले, तर तुमची बाजू पक्की होते.

घरी एक साधी तपासणी करा. पाचशे रुपयांच्या आसपासचा मल्टिमीटर पुरतो. लांबची फेरी करून आलात की बॉनेट उघडे ठेवा, गाडी लॉक करा आणि तासाभराने बॅटरीच्या दोन टोकांवर व्होल्टेज पाहा. सकाळी काहीही चालू न करता पुन्हा पाहा. रात्री १२.६ आणि सकाळी १२.५, तर ठीक. सकाळी १२.१ किंवा कमी, तर काहीतरी वीज ओढते आहे, नाहीतर बॅटरीच धरत नाही. दोन्ही वेळी मीटर आणि घड्याळ एकाच फोटोत येऊ द्या. तीन रात्रींच्या नोंदी पुरेशा आहेत. बॅटरीची वायर सुटी करून मीटर मध्ये जोडण्याचे काम मात्र स्वतः करू नका. एक तर चुकून सेल्फ लागला तर मीटरचा फ्यूज उडतो. दुसरे म्हणजे 'तुम्ही हात लावलात' हे सांगायला त्यांना निमित्त मिळते. ती चाचणी वर्कशॉपने करायची आणि आकडा लिहून द्यायचा.

हे आकडे जॉब कार्डावर (गाडी देताना वर्कशॉप तक्रार लिहून घेते, त्या कागदावर) आले पाहिजेत. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर 'बॅटरी चेक' इतकेच लिहितो. त्यावर सही करू नका. लिहून घ्या: 'रात्रभर उभी केल्यावर गाडी सुरू होत नाही, चौथी वेळ, झोपलेल्या अवस्थेत वीजगळती मोजणे, अल्टरनेटरचे चार्जिंग व्होल्टेज मोजणे, सेल्फ मारताना बॅटरीचे व्होल्टेज पाहणे.' साधारण अपेक्षा अशा: इंजिन चालू असताना १३.८ ते १४.७ व्होल्ट (स्मार्ट चार्जिंग, म्हणजे गरजेप्रमाणे चार्जिंग कमी-जास्त करणारी यंत्रणा असलेल्या गाड्यांत मध्येच कमी दिसते), सेल्फ मारताना ९.६ व्होल्टच्या खाली नाही. गळती जास्त आली, तर एकेक फ्यूज काढून कोणत्या सर्किटवर आकडा खाली येतो ते पाहायचे. ही तासा-दोन तासांची, कंटाळवाणी तपासणी आहे. बॅटरी बदलायला मात्र दहा मिनिटे लागतात, म्हणून आधी बॅटरीच बदलली जाते.

'वॉरंटी गेली' हे तोंडी ऐकून घेऊ नका. वॉरंटी पुस्तिकेतील कोणत्या अटीनुसार नाकारता, कोणती वायर कापलेली आढळली आणि तिच्यामुळे हाच दोष कसा उद्भवला, हे ईमेलवर मागा, फोटोसह. वायर खरोखर टोचून जोड दिलेला असेल, तर तेवढ्या सर्किटबद्दल त्यांचे म्हणणे योग्य ठरू शकते. गाडीतल्या प्रत्येक इलेक्ट्रिकल भागाबद्दल नाही.

प्रश्न : स्क्रीन आणि रिव्हर्स कॅमेरा अधूनमधून बंद पडतो. वर्कशॉपला नेली की नीट चालतो आणि 'दोष आढळला नाही' असा शेरा मिळतो. (दादर)

उत्तर : अधूनमधून येणाऱ्या दोषाचे मूळ बहुधा कनेक्टर किंवा बॉडी अर्थिंगमध्ये (गाडीच्या पत्र्याला दिलेल्या वायरच्या जोडात) असते. ढिला पिन, आत शिरलेले पाणी, हिरवी गंजलेली टर्मिनल. मुंबईच्या दमट हवेत हे लवकर होते. डिकीच्या बिजागरीजवळ सतत वाकणारी वायर हे कॅमेऱ्याच्या बाबतीत पहिले संशयस्थान. तक्रारीत वेळ लिहा: पाऊस होता का, गाडी किती तापली होती, खड्ड्यातून जाताना झाले का. तेव्हाच व्हिडिओ काढा, त्यात ओडोमीटर दिसू द्या. वर्कशॉपला सांगा, की स्कॅनरमध्ये आलेले दोषाचे सगळे कोड छापून द्या; केवळ चालू कोड नव्हे, साठलेलेसुद्धा. कोड 'क्लिअर' करण्याआधीच ही छपाई हवी, नाहीतर पुरावा पुसला जातो. गाडी दोन दिवस ठेवून घेऊन त्यांच्या माणसाने चालवावी, अशी मागणीही रास्त आहे. पण देताना इंधन आणि किलोमीटर नोंदवून घ्या.

प्रश्न : गाडी बदलून किंवा पैसे परत मिळतील का? कुठे जायचे? (अंधेरी)

उत्तर : पूर्ण गाडी बदलून मिळणे अवघड आहे, हे आधीच सांगतो. भाग बदलून दोष जात असेल, तर सर्वसाधारणपणे तेवढाच हक्क मिळतो. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये एका नव्या गाडीच्या प्रकरणात हीच भूमिका घेतली होती. वारंवार दुरुस्ती करूनही तोच दोष येत राहिला आणि तज्ज्ञाचा अहवाल उत्पादनातला दोष दाखवत असेल, तेव्हा बदली किंवा परतावा मागण्यात अर्थ आहे. म्हणून तक्रारीत पर्यायी मागण्या ठेवा: बदली, नाहीतर परतावा, नाहीतर विनामूल्य दुरुस्ती व वाढीव वॉरंटी, शिवाय गाडी वर्कशॉपमध्ये पडून राहिलेल्या दिवसांची भरपाई. टॅक्सीच्या पावत्या जपून ठेवा.

आधी कंपनीच्या ग्राहक विभागाला तारीखवार ईमेल, मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद. तेवढ्यानेही बऱ्याच तक्रारी मिटतात. नाही मिटली, तर पंधरा दिवसांची लेखी नोटीस आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. गाडीसाठी तुम्ही मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल, तर जिल्हा आयोगच. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही जिथे राहता तिथेच तक्रार दाखल करता येते, म्हणून कंपनीचे मुख्यालय दिल्लीत असले तरी अडत नाही. उपनगरातल्यांसाठी आयोगाचे कार्यालय वांद्रे पूर्वेला आहे. ऑनलाइन दाखल करायचे तर ई-जागृती पोर्टल. शुल्क ५ ते १० लाखांपर्यंतच्या गाडीला २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४००, ५० लाखांपर्यंत १,०००. वकील सक्तीचा नाही.

प्रतिवादी म्हणून कंपनी आणि शोरूम दोघांनाही करा. एकट्या शोरूमवर दावा केला, तर 'आम्ही फक्त विकतो' हे उत्तर येते; एकट्या कंपनीवर केला, तर दुरुस्तीतली हयगय सुटते. तपासणीशिवाय दोष ठरवता येत नसेल, तर आयोग कलम ३८ नुसार मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे गाडी पाठवतो. त्याचे शुल्क तक्रारदाराला आधी भरावे लागते. तो अर्ज पहिल्याच तारखेला द्या आणि दरम्यान बाहेरच्या गॅरेजमधून वायरिंगला हात लावू नका. तपासायचा दोषच नाहीसा झाला, तर अहवालात काही उरत नाही.

आयोगात तक्रार दाखल करायची मुदत दोन वर्षे. मध्ये ईमेल-नोटिसा चालू राहिल्या म्हणून ती वाढत नाही, हे कित्येकांना उशिरा कळते. आणि गाडी कंपनीच्या नावावर, व्यवसायासाठी घेतलेली असेल, तर तुम्ही 'ग्राहक' ठरता का, हा प्रश्न पहिलाच विचारला जाईल.

प्रश्न : उंदराने वायर कुरतडली, तर वॉरंटीत येते का? (परळ)

उत्तर : नाही. वॉरंटी उत्पादनातल्या दोषाची असते. विमा पॉलिसीच्या अटी पाहा आणि कुरतडलेल्या जागेचे फोटो काढल्याशिवाय, विमा कंपनीच्या सर्व्हेअरने पाहिल्याशिवाय वायरिंग दुरुस्तीला देऊ नका.