सुरक्षा तपासणी लांबली म्हणजे माझ्याविरुद्ध काही सापडले असेल का?

कायमस्वरूपी वास्तव्यासाठी परदेशात अर्ज केलेली माणसे समुपदेशनाला येतात, तेव्हा त्यांचा प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो. आपल्या आगेमागे अर्ज केलेल्यांना व्हिसा मिळाला, आपल्या ऑनलाइन खात्यावर मात्र पार्श्वभूमीची तपासणी सुरू असल्याचेच महिनोन्महिने दिसते, तर आपल्यावर कसला संशय घेतला जात आहे का? ‘काही होणार नाही, काळजी करू नका’ असे म्हणून या प्रश्नाची बोळवण करू नये, असे माझे मत आहे. त्या भीतीत कधी कधी खरोखरच काही तथ्य असते आणि ते ऐकून घेतल्याशिवाय माणसाला झोप लागत नाही. एका अर्जदाराचा अनुभव त्यांच्या संमतीने, ओळख पटणार नाही अशा बेताने तपशील बदलून, येथे मांडत आहे.

मुलुंडला राहणारे हे पस्तिशीतले अभियंता पत्नीच्या आग्रहावरून दादरला माझ्याकडे आले. त्यांनी कॅनडाच्या एक्स्प्रेस एन्ट्री पद्धतीतून कुशल कामगार म्हणून अर्ज केला होता. पूर्ण अर्ज पोहोचल्यापासून साधारण ६ महिन्यांत निर्णय देण्याचे तिथल्या इमिग्रेशन खात्याचे उद्दिष्ट असते, आणि त्याच हिशेबाने या घरात आवराआवर झाली होती. गाडी विकली होती, कंपनीने देऊ केलेली बढती नाकारली होती. वर्ष उलटले तरी उत्तर नव्हते. ओटावाचे घड्याळ मुंबईच्या मागे उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास चालते, त्यामुळे तिथली कार्यालये सुटेपर्यंत आपल्याकडे मध्यरात्र उलटून जाते. तोवर हे गृहस्थ जागे राहून ऑनलाइन खाते उघडून पाहत आणि अर्जदारांच्या टेलिग्राम ग्रुपवर इतरांच्या तारखांशी आपल्या तारखा ताडत बसत. “मुलीच्या शाळेची फी भरायची की नाही, एवढंसुद्धा यांच्याकडून कळत नाही,” असे त्यांच्या पत्नीने पहिल्याच भेटीत सांगितले.

आधी आम्ही ही तपासणी म्हणजे काय, हे शांतपणे समजून घेतले. तिचे दोन भाग असतात. गुन्हेविषयक भागात, १८ वर्षांच्या वयानंतर आणि गेल्या १० वर्षांत ज्या ज्या देशात सलग ६ महिने किंवा अधिक वास्तव्य झाले, तिथल्या पोलिसांचे प्रमाणपत्र पाहिले जाते. भारतातले असे प्रमाणपत्र, ज्याला सगळे पीसीसी म्हणतात, पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळते. या गृहस्थांनी काही वर्षे कुवेतमध्ये नोकरी केली होती, त्यामुळे तिथलेही प्रमाणपत्र त्यांना द्यावे लागले होते. दुसरा भाग राष्ट्रीय सुरक्षेचा. त्यासाठी इमिग्रेशन खाते प्रकरण सीमा सेवा संस्थेकडे आणि गुप्तवार्ता सेवेकडे पाठवू शकते, आणि तिथे ते केव्हा हातात घेतले जाईल याचे बंधन अर्जाच्या तारखेशी नसते. अनेक देशांतले वास्तव्य, सैन्यातली, पोलिसांतली किंवा सरकारी नोकरी, नावातले साम्य, यांपैकी कशानेही वेळ वाढू शकतो, आणि त्यातले काहीही आरोप ठरत नाही. आपल्याकडच्या माहितीच्या अधिकारासारख्या तिथल्या कायद्याखाली फाइलमधल्या नोंदी मागवता येतात. त्यांनी त्या मागवल्या होत्या आणि सुरक्षा तपासणी सुरू आहे, यापलीकडे त्यात काही नव्हते.

एवढे समजूनही त्यांची अस्वस्थता तसूभर कमी झाली नाही. ज्याला माहितीच हवी असते त्याचे मन माहिती मिळाल्यावर थोडे तरी निवते. इथे तसे घडेना, म्हणून मी त्यांना विचारले की, अधिकाऱ्याने तुमची फाइल उघडली, तर त्याच्या नजरेस काय पडू नये असे तुम्हाला वाटते? ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “मॅडम, कॉलेजात असताना मला एकदा पोलिसांनी नेलं होतं.”

फीवाढीविरुद्धच्या मोर्चात त्यांना इतर विद्यार्थ्यांबरोबर गाडीत घालून पोलीस ठाण्यात नेले होते. संध्याकाळपर्यंत बसवून, नावे लिहून घेऊन सगळ्यांना सोडून दिले. गुन्हा दाखल झाला नाही, खटला चालला नाही, त्यामुळे पीसीसी स्वच्छ आले. परंतु कॅनडाच्या पार्श्वभूमीविषयक फॉर्ममध्ये केवळ दोषी ठरला होता का एवढेच विचारलेले नसते. तुम्हाला कधी ताब्यात घेतले होते का किंवा तुरुंगात ठेवले होते का, असाही प्रश्न असतो. त्यावर त्यांनी ‘नाही’ लिहिले होते. अर्ज भरून देणाऱ्या एजंटाने त्यांना सांगितले होते की, पीसीसी क्लीन आहे ना, मग जुने काही उकरू नका. असा सल्ला आपल्या शहरात फार सहज दिला जातो आणि तो माणसाचे मोठे नुकसान करू शकतो, म्हणून त्याबद्दल मला मनापासून चीड येते. शांततेने काढलेल्या मोर्चात ताब्यात घेतले गेल्यामुळे कुणी तिथे अपात्र ठरत नाही. महत्त्वाची माहिती दडवली असे ठरले, तर मात्र तिथल्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम ४० खाली ५ वर्षे प्रवेशबंदी येऊ शकते.

त्यांची भीती या एका ‘नाही’ भोवती फिरत होती. रोज रात्री खाते उघडून ते व्हिसा आला का हे पाहत नसत, आपण पकडले गेलो का हे पाहत असत. हे त्यांनी स्वतःच्या तोंडून सांगितले, तेव्हा ते पहिल्यांदाच रडले. त्यांना लाज दोन गोष्टींची वाटत होती. पोलीस ठाण्यात बसावे लागल्याची होतीच, पण वडिलांपासून ती गोष्ट इतकी वर्षे लपवल्याची त्याहून अधिक होती. आपल्या मध्यमवर्गीय घरांमध्ये ‘पोलीस दारात आले’ या कल्पनेचाच धसका असतो. नोकरी नसलेल्या महिन्यांपुढे ‘बेरोजगार’ लिहितानाही काही अर्जदारांचा हात अडखळतो, कारण त्या फॉर्मला सलग इतिहास लागतो आणि मधला एकही महिना कोरा चालत नाही. आयुष्यातले जे महिने आपण घरच्यांनाही सांगितलेले नसतात, ते तिथे तारखांसह लिहावे लागतात.

यापुढचा निर्णय कायद्याचा होता आणि तो घेण्याचा अधिकार समुपदेशकाला नाही. मी त्यांना परवानाधारक इमिग्रेशन सल्लागाराकडे किंवा कॅनडातल्या वकिलाकडे जाण्यास सांगितले. कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्स या नियामक संस्थेच्या नोंदवहीत सल्लागाराचा परवाना कुणालाही पडताळता येतो, हे पैसे देण्यापूर्वी करावे. त्यांच्या सल्लागाराने खात्याच्या वेबफॉर्मवरून दुरुस्ती पाठवण्यास सुचवले. सोबत जोडायचे स्पष्टीकरण त्यांनी स्वतः लिहिले. पहिल्या मसुद्यात तीन पाने भरून माफी होती. आम्ही त्यावर एक संपूर्ण भेट खर्च केली आणि शेवटी अर्धे पान उरले: काय घडले, कुठे घडले, कसे सुटलो, आणि आधी का लिहिले नाही. त्याच आठवड्यात त्यांनी ती गोष्ट वडिलांना सांगितली. वडील म्हणाले, “अरे, तेव्हाच सांगायचंस ना, मी आलो असतो ठाण्यावर.”

उरलेले काम प्रतीक्षेचे होते. खाते आठवड्यातून एकदा, शनिवारी सकाळी, पत्नीसोबत बसून पाहायचे. कागद मागवणारे पत्र आले तर ईमेल येतेच, त्यामुळे ईमेलची सूचना चालू ठेवायची. तारखांचा ग्रुप सोडायचा. पहिले काही आठवडे त्यांना हे फार जड गेले. शाळेची फी पूर्ण वर्षाची भरली, कारण व्हिसा आलाच तर वाया जाणारे पैसे त्या कुटुंबाला परवडणारे होते आणि मुलीचे अधांतरी राहणे परवडणारे नव्हते. अशा वेळी ‘आज ना उद्या जायचेच आहे’ असे म्हणून इथले काहीच करायचे नाही, ही सवय मला तपासणीच्या विलंबापेक्षा घातक वाटते.

काही महिन्यांनी खात्याचे पत्र आले. त्यात कुवेतमधल्या नोकरीचे स्वरूप आणि तिथले सगळे पत्ते सविस्तर मागितले होते. मोर्चाचा उल्लेखही नव्हता. उत्तर मुदतीत गेले. अंतिम निर्णय अजून आलेला नाही, आणि तो कोणता येईल हे मी किंवा ते सांगू शकत नाही. बढती गेली ती गेली, परंतु नव्या प्रकल्पाची जबाबदारी त्यांनी स्वीकारली आहे. झोपेची गोळी मानसोपचारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली बंद झाली असून आमच्या भेटी आता महिन्यातून एकदाच होतात.