1200 डीपीआयचा लेझर प्रिंटर घेऊनही बारीक मराठी अक्षरं भरून का येतात?

तुमचं मालवणात डीटीपीचं दुकान आहे, लग्नपत्रिका आणि कोकम-लोणच्याची लेबलं छापता. 600 चा प्रिंटर काढून 1200 डीपीआयचा, म्हणजे इंचात 1200 ठिपक्यांचा, घेतला, तरी बारीक टायपातला ‘ष्ट’ भरून येतो आणि पावसाला सुरुवात झाल्यापासून काळे पट्टे चट्ट्याचट्ट्यांचे दिसतात. म्हणून आता 2400 चं मशीन घेऊ का, असं विचारलंय.

घेऊ नका. मी कुडाळात हीच मशीनं दुरुस्त करतो. तुमच्या दुखण्यावर डीपीआय हे औषध नाही.

आधी हिशेब बघा. एक इंच म्हणजे 25.4 मिलिमीटर. त्याचे 1200 भाग केले तर एका ठिपक्याला सुमारे 21 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जागा मिळते, 2400 केले तर साडेदहा. आता टोनर, म्हणजे शाईच्या जागी वापरतात ती भुकटी. दळून केलेल्या साध्या टोनरचा कण 8 ते 10 मायक्रॉनचा असतो. म्हणजे 2400 ला एका ठिपक्यात जेमतेम एक कण मावणार, तोही जागेवर नीट बसला तर. शिवाय लेझरचा झोत ड्रमवर, म्हणजे अक्षर आधी जिथे उमटतं त्या फिरत्या नळकांड्यावर, पडतो तो बहुधा ठिपक्याच्या या जागेपेक्षा मोठाच असतो. खोक्यावरचा आकडा झोत किती बारीक पावलांनी सरकतो ते सांगतो. कागदावर किती बारीक रेघ उमटेल, ते ठरवणारी पावडर आहे.

हे पहिल्यापासून असंच आहे. चेस्टर कार्लसनने 1938 साली गंधकाचा थर दिलेल्या जस्ताच्या पत्र्यावर लायकोपोडियमची भुकटी टाकून पहिली झेरॉक्स काढली. गॅरी स्टार्कवेदरने झेरॉक्स कंपनीत त्या तंत्राला लेझर जोडला. 1984 ला एचपीचा पहिला लेझरजेट आला तो 300 डीपीआयचा. पुढे झोत बारीक करणं त्या मानाने सोपं गेलं, संशोधकांचा खरा घाम निघाला तो भुकटीवर.

दळलेला टोनर म्हणजे प्लास्टिक, काजळी आणि मेण एकत्र वितळवून, थंड करून फोडायचं आणि चाळायचं. कण निघतात ते क्रशरमधल्या खडीसारखे, कोपरेदार आणि लहानमोठे. लहान कणावर विद्युतभार वेगळा, मोठ्यावर वेगळा, म्हणून काही कण अक्षराच्या कडेबाहेर पडतात. रासायनिक टोनर दळत नाहीत, वाढवतात. त्याच्या एका पद्धतीत पाण्यात तरंगणारे प्लास्टिकचे अतिसूक्ष्म गोळे एकमेकांना चिकटवत नेतात आणि हव्या त्या मापाला थांबवून तापवतात. कण 5-6 मायक्रॉनचे, जवळपास एकसारखे येतात.

मग आणखी बारीक का करत नाहीत? कण लहान झाला की त्याला ओढून नेणारं विजेचं बल झपाट्याने कमी होतं, पण ड्रमला चिकटून राहण्याची ओढ त्या प्रमाणात कमी होत नाही. तो सुटतच नाही. सुटला तर हवेत उडतो आणि नाकात जातो. म्हणून 1-2 मायक्रॉनचे कण वापरणाऱ्या इंडिगो या छपाईयंत्रांच्या कंपनीने 1993 साली ते तेलात कालवलेलेच बाजारात आणले. ती छपाई अप्रतिम असते, पण ते मशीन तुमच्या-माझ्या दुकानात मावणारं नाही.

आता चट्ट्यांकडे येतो, कारण तुमचा निम्मा त्रास तिथे आहे. ड्रमवरचा टोनर कागदावर ओढायला कागदाच्या पाठीमागून उलट भार देतात. कागद कोरडा असेल तर तो भार टिकतो. आपल्याकडे जुलैत हवा 90 टक्क्यांच्या आसपास दमट, आणि बहुतेक ऑफिस प्रिंटर 80 टक्क्यांपर्यंतच्याच हवेसाठी बनवलेले. ट्रेमध्ये रात्रभर राहिलेला कागद सकाळी सादळलेला असतो. त्यातून भार निसटतो, टोनर अर्धा ड्रमवरच राहतो आणि काळा पट्टा चट्ट्यांचा होतो. टोनरचा स्वतःचा भारही दमट हवेत उतरतो, मग कोऱ्या जागेवर करडी झाक येते. कंपन्या कणांवर पाणी न धरणाऱ्या सिलिकाचा मुलामा देतात तो यासाठीच. स्वस्त रिफिलमध्ये तो कसा असेल ते देव जाणे.

एक करून बघा. सीलबंद रीम फोडा आणि त्यातल्या कागदावर लगेच तेच पान काढा. मग रात्रभर ट्रेमध्ये राहिलेल्या कागदावर काढा. दोन्ही भिंगाखाली धरा, दहापट मोठं दाखवणारं भिंग पुरे. ताज्या कागदावर पट्टा भरीव आला आणि जुन्यावर पांढरे डाग दिसले, तर मशीन निर्दोष आहे. ‘ष’चं पोट मात्र दोन्हीकडे भरलेलं आणि भोवती काळे कण सांडलेले दिसले, तर टोनर बदला. कंपनीचं कार्ट्रिज एकदा लावून फरक पाहा. जुन्या टोनरवर दुसरा रिफिल ओतायचा नाही, दोन जातींचे कण एकमेकांचा भार बिघडवतात.

रीमचं वेष्टन लागेल तेवढंच उघडा, संध्याकाळी ट्रे रिकामा करा. कागदाच्या कपाटात खालच्या कप्प्यात जुना पिवळा बल्ब लावा, कागदापासून हातभर दूर. एलईडी चालणार नाही, त्याला ऊबच नसते. मोठ्या झेरॉक्स मशीनना ट्रेचा हीटर वेगळा मिळतो, तो पावसाळ्यात रात्रीही चालू ठेवतात. एसी खोलीतलं कार्ट्रिज बाहेर आणून लगेच उघडू नका, आत दव धरतं.

आणि लेबलांवर फोटो छापत असाल तर 1200 चा उपयोग खरोखर आहे. करड्या छटांसाठी 8 बाय 8 ठिपक्यांचं घर धरलं, तर 600 ला इंचात 75 ओळींची जाळी मिळते, 1200 ला 150. तेव्हा आहे ते मशीन विकू नका. एवढं सगळं करूनही दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत पट्टा फुटत असेल, तर ड्रम आणि कागदामागून भार देणारा ट्रान्सफर रोलर तपासून घ्या.